थंडीच्या दिवसांत घोडा कसा फिरवावा आणि कसा सुकवावा

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. तिथून घोडा घेऊन आलेली माणसं पुढच्या आठवड्यात हमखास विचारतात, थंडी वाढलीय, याला ‘गरम’ काय घालू? गूळ, बाजरी, मोहरीचं तेल; कुणी तर दारूही सुचवून मोकळा होतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: चारा वाढवा. कडबा-गवत घोड्याच्या मोठ्या आतड्यात आंबतं, त्यातून जी ऊब निघते तीच त्याची शेगडी. दाणा एकदम वाढवलात तर पोट धरून घोडा जमिनीवर लोळेल. रात्रीचा शेवटचा चारा सढळ हाताने टाका.

पाणी कोमट द्या. गार पाण्याला घोडा नुसतं तोंड लावून मान फिरवतो, आणि कोरडा कडबा पोटात अडकतो. दिवसाला २५-३० लिटर तरी जायला हवं, म्हणून बादल्या मोजा. दाण्यात दोन चमचे मीठ. लीद सुकी, बारीक गोट्यांसारखी पडली तर पाणी कमी पडतंय.

पागा ताडपत्रीने चहूबाजूंनी बंद करू नका. मुताच्या वासाने तुमचे डोळे चुरचुरले तर त्याच्या छातीचं काय होत असेल? वारा येतो तेवढीच बाजू अडवा.

फिरवायला ऊन पडल्यावर काढा. लगामाचं लोखंड तोंडात घालण्याआधी तळहातात धरून कोमट करा. पहिली पंधरा मिनिटं साधी चाल, मग दुडकी. गार वाऱ्यात तरणा घोडा उड्या मारणारच, त्याला चाबूक दाखवू नका. लांब दोरीवर दोन्ही बाजूंनी गोल फिरवून मगच वर बसा.

आता खरी गोम. घोडा घामेजून परत आला की पुढे काय?

माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी दिवेलागणीला रपेट संपवली. मलाच हुडहुडी भरली होती. ओल्या घोड्यावर जाड घोंगडी टाकली आणि घरी जाऊन जेवलो. सकाळी पाहिलं तर घोंगडी आतून गारढोण, ओलीचिंब. घोडा पाठ वाकवून थरथरत उभा, कडब्याला तोंड लावलेलं नाही. हिवाळी केस उभे राहून आपल्यात हवा धरतात, म्हणून घोड्याला थंडी सोसते. घामाने ते चिकटले की ती हवा गेली, आणि वरून जाड पांघरूण घातलं की ओल आतच कोंडते. ‘घाम आलाय, लगेच झाकून टाका’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. मी ऐकलं होतं.

मी आता असं करतो. घर पंधरा मिनिटांवर राहिलं की दुडकी बंद. खाली उतरायचं, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, थोडा सैल करायचा आणि सोबत चालायचं. पोचल्यावर अर्धी बादली कोमट पाणी. तापलेल्या घोड्याला पाणी पाजलं की तो आडवा पडतो, ही समजूत जुनी असली तरी खोटी आहे. खोगीर काढून, वारा नसलेल्या उन्हात उभा करून कोरड्या गोणपाटाने केसांच्या उलट दिशेने चोळायचं. गोणपाट ओलं झालं की दुसरं. हात दुखेपर्यंत.

ऊन गेलं असेल तर पाठीवर वाळलेल्या गवताचा जाडसर थर पसरा, वर विरळ विणीचं गोणपाट सैल टाका. ओल गवतातून वर चढते. थोड्या वेळाने गोणपाटावर बारीक दहिवर साचलेलं दिसेल आणि खालचे केस मात्र मोकळे होत आलेले. ही युक्ती मला महागड्या झुलीपेक्षा जास्त उपयोगी पडली आहे.

वरून हात फिरवून ‘सुकला’ म्हणू नका, फसाल. वरचे केस आधी सुकतात. बोटं थेट कातडीपर्यंत घाला: तंगाच्या जागी, खोगिराखाली, पुढच्या दोन पायांच्या मधे आणि कानांच्या मुळाशी. मग कुशीकडे पाहून श्वास मोजा. मिनिटाला सोळाच्या आत यायला हवा. माझ्या घोडीला या सगळ्याला पाऊण तास लागतो, ढगाळ दिवशी जास्त.

सुकल्यावरच खरारा, म्हणजे अंग घासून साफ करणं. ओल्या अंगावर केलात तर चिखल कातडीत मुरतो.

झूल हवीच का? मारवाडी किंवा काठेवाडी घोड्याने आपले केस नीट वाढवले असतील, तर दिवसा बहुधा नको. हे केस थंडीने कमी आणि दिवस लहान झाल्याने जास्त वाढतात, म्हणून पागेत रात्रभर मोठा बल्ब ठेवू नका. म्हातारा, रोडावलेला किंवा केस कापलेला घोडा असेल तर झूल घाला, पण रोज काढून खांद्यावर घासलंय का ते पाहा.

आणि हाताशी तासभर उरला नसेल तर त्या दिवशी खोगीर चढवूच नका. दोरी धरून वीस मिनिटं साध्या चालीने फिरवा आणि परत बांधा.