शाईचं बोट दाखवा, ताक प्या : सोलापुरात मतदानाची ऑफर काढायची तर

इलेक्शन आलं की हॉटेलवाल्यांचे फोन सुरू, मतदानाची काहीतरी ऑफर काढू बे, बोर्ड छापू. काढा की, पण बोर्ड सगळ्यात शेवटी छापायचा.

आधी जिल्हाधिकारी ऑफिसच्या स्वीप कक्षात, म्हणजे मतदार जागृतीचं काम बघणाऱ्या विभागात, एक पत्र द्या आणि पोच घ्या. मतासाठी काही देणं हा विषय नाजूक आहे, बंगळुरूच्या हॉटेलवाल्यांना २०२४ ला थेट हायकोर्टात जावं लागलं, तेव्हा परवानगी मिळाली. अमेरिकेत २००८ ला स्टारबक्सने मत देणाऱ्यांना फुकट कॉफी जाहीर केली, पण तिथला कायदा आडवा आला म्हणून शेवटी मागेल त्याला दिली. पत्रात सरळ लिहा की मत कुणाला दिलं हे आम्ही विचारणार नाही. आणि खरंच विचारू नका, गल्ल्यावरच्या पोरालाही सांगून ठेवा.

आता ऑफर. टक्क्यात जाऊ नका, ८० रुपयाच्या नाष्ट्यावर १० टक्के म्हणजे ८ रुपये, त्यासाठी कोण येतंय? ठरलेली एक वस्तू द्या. २०२४ ला लोकसभेचं मतदान ७ मे ला होतं, सोलापूरचा मे म्हणजे काय ते सांगायला नको, अशा उन्हात लाइनीतून आलेल्या माणसाला कडक भाकरी, शेंगाचटणीच्या थाळीसोबत गार ताक मिळालं की तो स्वतःच चार जणांना सांगतो. विधानसभा २० नोव्हेंबरला झाली, तशा दिवसात ताकाऐवजी चहा चालेल. ओळखीतल्या एका मालकाने बिलावर सरसकट ५० टक्के लिहिलं होतं, एका शाईच्या बोटावर बारा जण जेवून गेले आणि दुपारी दोनला भाकरी संपली. म्हणून "एका बोटाला एक ग्लास" असं मोठ्या अक्षरात लिहा, तारीखपण टाका, कारण नखावरची शाई कित्येक दिवस जात नाही.

बोर्डवर चित्र काढताना खरी गंमत होते. शाईचं बोट दाखवायला पूर्ण पंजा काढला की झालं काँग्रेसचं चिन्ह! फक्त डाव्या हाताची तर्जनी काढा. वेळ सांगायला घड्याळ नको, कोपऱ्यात शोभेला कमळ नको, मशाल नको. रंग कुठलाही घ्या, कुणी ना कुणी पक्ष काढतोच, मी शेंगाचटणीचा तांबूस घ्या म्हणतो. पूर्व भागात हॉटेल असेल तर तेलुगूत एक ओळ टाका, अक्कलकोट रोडला कन्नडमध्ये.

कुणी कार्यकर्ता "भाऊंचा फोटो लावा, ताकाचे पैसे आम्ही देतो" म्हणत आला तर हात जोडा, ती सरळ लाच होते.

खरं काम महिनाभर आधीचं आहे. उमेदवारी अर्जाची मुदत संपली की यादीत नवीन नाव जात नाही, आणि नाव नाही हे पोरांना कळतं मतदानाच्या सकाळी. म्हणून टेबलावर आत्ताच कागद ठेवा, १९५० या मतदार हेल्पलाइनला फोन करा, नाव तपासा, नसेल तर नाव नोंदवायचा फॉर्म ६ भरा. लोक भाकरीची वाट बघत मोबाइल चाळतच असतात, तेवढ्यात होऊन जातंय.

बूथमधला सेल्फी मात्र मागू नका, आत मोबाइल चालत नाही. फोटो हॉटेलच्या दारात काढा. त्या दिवशी आपल्या आचाऱ्याला आणि वेटरला पगारी सुट्टी असते, जे स्वतःहून येतील त्यांनी सकाळी सातला आधी मत टाकून मगच भट्टी पेटवायची, नाहीतर गिऱ्हाईक विचारणार, तुमचं बोट कुठंय मालक?

रात्री बोर्ड आठवणीने उतरवा.