कोमातलं मूल, मेंदूचं प्रेशर आणि कान : या चुका टाळा

फिटचा झटका आला की कांदा हुंगवायचा, चप्पल नाकाशी धरायची आणि दातखीळ चमच्याने उघडून पाणी पाजायचं. अक्कलकोट-मंगळवेढ्याकडून सोलापूरच्या सिव्हिलला येणाऱ्या बेशुद्ध मुलांच्या बाबतीत हे हमखास ऐकू येतं. ते पाणी फुफ्फुसात जातं. मूल कुशीवर वळवा, १०८ ला फोन लावा, तोंडात काही घालू नका.

दुसरा घोळ आयसीयूच्या दाराशी होतो. ‘कानावरून मेंदूचं प्रेशर कळतं म्हणे, मग ते मोजायला कवटीला भोक कशाला?’ यात तथ्य आहे, पण अर्धंच. मेंदूभोवतीचं पाणी आणि आतल्या कानातला द्रव यांना एक बारीक नळी जोडते. लहान मुलांत ती बहुधा उघडी असते. मेंदूचं प्रेशर वाढलं की ते कानातल्या रिकिबीच्या हाडापर्यंत पोचतं. मग मोठा आवाज ऐकवून त्या हाडाला जोडलेला बारीक स्नायू आकसला की पडदा बाहेरऐवजी आत सरकतो. हे सरकणं नॅनोलिटरमध्ये मोजतात. केनियातल्या किलिफीत कोमातल्या मुलांवर ही पद्धत वापरून पाहिली गेली आहे.

कानाच्या पडद्याची नेहमीची तपासणी, टिम्पॅनोमेट्री, म्हणजे ही तपासणी नव्हे. ती फक्त मधल्या कानाची हवा आणि पडद्याची लवचीकता बघते. तो रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून ‘मेंदूला सूज नाही’ असं समजू नका.

कानात मळ किंवा पू असेल, तर पडद्याच्या आकड्यावर विसंबता येत नाही. म्हणून आधी ऑटोस्कोपने, म्हणजे कान बघायच्या दिव्याच्या यंत्राने, कान बघायचा. व्हेंटिलेटरवरच्या मुलाला स्नायू सैल करणारं औषध चालू असेल, तर तो स्नायू आकसणारच नाही. मूल आडवं होतं की डोकं वर होतं, हेही आकड्याशेजारी लिहायला हवं, कारण स्थिती बदलली की प्रेशर बदलतं.

इथे नातेवाइकांचा वाटा मोठा. आई उशाशी बसते, हाक मारते आणि नकळत बाळाची मान आपल्याकडे वळवते. मान वळली की गळ्यातली शीर दबते, मेंदूतलं रक्त खाली उतरायला अडतं. डोकं साधारण ३० अंश वर आणि मान सरळ राहू द्या. हाक जरूर मारा, पण समोर उभं राहून.

एका आकड्यावरून ‘वाचेल का?’ ठरवणं मला पटत नाही. अनेक मुलांच्या सरासरीतून दिसलेला कल एका मुलाचं भाकीत होत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या, श्वास, नाडी, कोमा स्कोअर (बेशुद्धी किती खोल आहे त्याचे गुण) परत परत बघावे लागतात. आणि कानाच्या मशीनची चौकशी करण्याआधी विचारा, बोट टोचून साखर तपासली का? साखर उतरून आलेली बेशुद्धी वेळेत ग्लुकोज दिलं तर बऱ्याचदा उतरते.