पाहुण्यांच्या रात्रीच्या जेवणासाठी पाटवडी-रस्सा आणि त्याच्या जोडीचे पदार्थ

रात्रीच्या जेवणाला सहा-आठ माणसांना बोलावले असेल, तर बेतातल्या प्रत्येक पदार्थाला एकच कसोटी लावावी: हा पदार्थ पाहुण्यांसाठी दोन तास थांबू शकतो का? पुरी थांबत नाही, भजी थांबत नाहीत आणि भाकरी तर मुळीच थांबत नाही. असे दोन-तीन पदार्थ एकाच बेतात आले की यजमानाची सगळी संध्याकाळ ओट्यापाशी जाते आणि पाहुणे बाहेरच्या खोलीत एकमेकांची विचारपूस करून थकतात. नागपूरकडच्या स्वयंपाकात या कसोटीला पुरेपूर उतरणारा आणि तरीही ताटात रुबाबदार दिसणारा पदार्थ म्हणजे पाटवडी-रस्सा, म्हणजे बेसनाची थापलेली वडी आणि तिच्यावर ओतायचा मसालेदार रस्सा. वडी सकाळी थापून ठेवता येते, रस्सा दुपारी करून मुरू देता येतो, सामान घरातलेच असते आणि बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्याला आपण विदर्भात जेवतो आहोत याची खात्री पहिल्याच घासाला पटते. झणझणीत जेवणासाठी ओळखल्या जाणाऱ्या नागपूरच्या सावजी भोजनालयांतही मटणाच्या जोडीने पाटवडी मिळते, ती केवळ शाकाहारी गिऱ्हाइकाची सोय म्हणून नव्हे, तर तोच मसाला ती तितक्याच ताकदीने पेलते म्हणून.

पुढची मापे आठ माणसांसाठी आहेत आणि वाटी साधारण 150 मिलीलीटरची धरली आहे.

कोरडा मसाला आदल्या दिवशी भाजून ठेवावा. त्यासाठी दोन मोठे चमचे धने, एक लहान चमचा जिरे, पाच लवंगा, दहा-बारा मिरे, दालचिनीचे दोन लहान तुकडे, एक मसाला वेलची, एक चक्रीफूल, दोन तमालपत्रे आणि चिमूटभर नव्हे, तर चांगले दोन चमचे दगडफूल घ्यावे. रश्शाला जो काळसर, मातकट असा खास वास येतो त्यात दगडफुलाचा वाटा मोठा आहे, त्यामुळे एक वेळ चक्रीफूल नसले तरी चालेल, पण दगडफुलावर काटकसर करू नये. ते निवडून, त्यातली साल आणि कचरा काढून, अगदी थोड्या तेलावर शेवटी परतावे, कारण ते पटकन करपते. नागपूरच्या इतवारी बाजारात मस्कासाथेकडे गेल्यास हे सगळे जिन्नस एकाच फेरीत आणि ताजे मिळतात. मॉलमधल्या पाकिटबंद मसाल्याने रस्सा होतो खरा, पण प्रत्येक घरचा रस्सा सारखाच लागतो.

ओला मसाला मात्र त्याच दिवशी करावा. तीन मध्यम कांदे सालासकट विस्तवावर किंवा गॅसच्या जाळीवर भाजावेत आणि वरची साल काळी होऊन आतला कांदा मऊ पडला की सोलून घ्यावेत. वाटीभर सुक्या खोबऱ्याचे काप मंद आचेवर बदामी रंगावर भाजावेत. दोन मोठे चमचे खसखस कोरडीच हलकी भाजून अर्धा तास कोमट पाण्यात भिजवावी. न भिजवलेली खसखस मिक्सरमध्ये कितीही फिरवली तरी अख्खी राहते आणि रस्सा दाटसर होत नाही. कांदा, खोबरे, खसखस, पंधरा-वीस लसूणपाकळ्या आणि दीड इंच आले यांचे कोरड्या मसाल्यासह शक्य तितके गंधासारखे वाटण करावे. या रश्शात टोमॅटो घालू नये. त्याचा आंबटपणा खसखस-खोबऱ्याच्या चवीला मारतो आणि रंगही लालभडक, हॉटेलसारखा येतो.

आता वडीकडे वळू. तीन वाट्या बेसनाला साडेचार वाट्या पाणी हे प्रमाण धरावे. जाड बुडाच्या कढईत चार मोठे चमचे तेल तापवून त्यात मोहरी, जिरे, हिंग, हळद आणि आले-लसूण-हिरवी मिरचीचा दोन चमचे ठेचा घालावा. वास सुटला की पाणी, मीठ आणि थोडे तिखट घालून पाण्याला खळखळून उकळी येऊ द्यावी. मग आच बारीक करून एका हाताने बेसन भुरभुरत आणि दुसऱ्या हाताने लाटण्याच्या टोकाने भराभर घोटत राहावे. हाताला सवय नसेल तर बेसन आधीच निम्म्या पाण्यात कालवून, गुठळ्या मोडून, उरलेल्या पाण्याला उकळी आल्यावर त्यात ओतावे. चवीत काही उणे येत नाही. पीठ कढईची कड सोडून गोळा होऊ लागले की झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटे वाफ आणावी आणि मधूनमधून ढवळावे. वाफ कमी पडली तर वडीला कच्च्या बेसनाचा वास राहतो आणि तो रश्शाखाली लपत नाही. वडी झाली की नाही हे बोटाने कळते: ओला हात पिठाला लावला असता पीठ बोटाला चिकटता कामा नये.

तेल लावलेल्या ताटात किंवा पाटावर गोळा गरम असतानाच ओतावा आणि वाटीच्या बुडाला पाणी लावून सुमारे एक सेंटीमीटर जाडीचा सारखा थापावा. वरून किसलेले सुके खोबरे, भाजलेली खसखस आणि बारीक चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, पसरून तळव्याने हलके दाबावे, म्हणजे कापताना ते सुटून येत नाही. दहा मिनिटांनी धारदार सुरीने शंकरपाळ्यासारखे तिरके काप करावेत. या मापात पंचवीस-तीस वड्या होतात. सकाळी केलेल्या वड्या ओलसर पातळ कापडाखाली झाकून ओट्यावरच ठेवाव्यात, कारण फ्रीजमध्ये त्या दगडासारख्या घट्ट होतात. मे महिन्यात मात्र नागपूरचा पारा 45 अंशांजवळ जातो तेव्हा सकाळची वडी रात्रीपर्यंत बाहेर ठेवणे योग्य नाही. त्या दिवसांत ती संध्याकाळीच थापावी आणि एरवीही कूलर चालू असलेल्या खोलीत झाकण न ठेवता सोडू नये, कारण वाऱ्याने वरचा पापुद्रा वाळतो.

रश्शाची खरी परीक्षा तर्रीत, म्हणजे वर तरंगणाऱ्या तिखट तेलाच्या थरात आहे. कढईत पाऊण वाटी तेल घ्यावे. हे माप पाहून हात मागे घेण्याचा मोह होईल, पण तेल कमी पडले तर मसाला शिजत नाही, नुसता उकडतो. सावजी स्वयंपाकात पूर्वी जवसाचे तेल वापरत, त्याचा उग्रपणा सर्वांना मानवत नाही, म्हणून शेंगदाण्याचे तेल घ्यावे. तापलेल्या तेलात वाटण घालून मध्यम आचेवर निदान पंधरा-वीस मिनिटे परतावे आणि बुडाला लागू लागले तर चमचाभर गरम पाणी शिंपडावे. वाटणाचा रंग गडद होऊन कडेने तेल सुटले की आच अगदी मंद करून हळद आणि तीन-चार चमचे तिखट घालावे. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापुरी मिरचीचे तिखट मिळाले तर उत्तम. तिखट कोरडेच तापल्या तेलात पडले तर काळे पडून कडवट होते, म्हणून ते दोन चमचे पाण्यात कालवून घालणे सुरक्षित. मिनिटभर परतल्यावर सव्वा लिटर कढत पाणी ओतावे. पाणी कढतच हवे, कारण गार पाण्याने तेलाचे तापमान एकदम उतरते आणि तर्री वर येण्याऐवजी मसाल्यात मिसळून बसते. मीठ घालून झाकण अर्धवट ठेवून वीस मिनिटे मंद उकळू द्यावे, मग आच बंद करून रस्सा ढवळू नये.

पाहुण्यांपैकी कोणाला किती तिखट चालते हे यजमानाला क्वचितच ठाऊक असते. यावर सोपा उपाय असा, की रस्सा स्थिर झाल्यावर वरची तर्री पळीने अलगद काढून वेगळ्या भांड्यात ठेवावी आणि ती गरम करून पंगतीत स्वतंत्रपणे फिरवावी. मुलांना आणि पुण्या-मुंबईच्या मंडळींना नुसता रस्सा पुरतो. ज्याला घाम फोडून घ्यायचा आहे तो तर्री मागून घेतो. एवढे करूनही रस्सा जहाल वाटला तर साखर घालू नये, आणखी थोडे भाजलेले खोबरे आणि खसखस वाटून घालावी व पाच मिनिटे उकळावे.

वड्या रश्शात आधीपासून कधीही सोडू नयेत. त्या रस्सा शोषून फुगतात, कडा विरघळतात आणि रस्सा पिठल्यासारखा होतो. खोल वाटीत तीन-चार वड्या मांडून ताट पुढे आल्यावरच वरून उकळता रस्सा ओतावा. वडी आतून मऊ, वरून ओली आणि खोबऱ्याचा थर अजून जागेवर, अशी ती पहिल्या चार-पाच मिनिटांत सर्वांत छान लागते.

जोडीला काय द्यावे हे ठरवताना हरभऱ्याच्या डाळीचा दुसरा पदार्थ टाळावा. पाटवडी आणि गोळाभात (हरभरा-डाळीच्या पिठाचे गोळे वाफवलेला भात) हे दोन्ही आवडते पदार्थ एकाच ताटात आणण्याची हौस पुष्कळांना असते, पण ते जेवण जड होते आणि दोन्हींची मजा जाते. पाटवडीला साधा पांढरा भातच शोभतो. भंडाऱ्याकडचा सुवासिक चिन्नोर तांदूळ मिळाल्यास तीन वाट्या घेऊन, अर्धा तास भिजवून, मोकळा शिजवावा. भाकरी करणारे दुसरे माणूस घरात असेल तरच ज्वारीच्या भाकरीचा बेत करावा; नसेल तर पाहुणे येण्यापूर्वी घडीच्या पोळ्या करून तूप लावून जाड कापडात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात. उभा चिरलेला कांदा, लिंबाच्या फोडी आणि काकडीची दह्यातली कोशिंबीर एवढे पुरे. कोशिंबिरीत मीठ वाढताना घालावे, नाहीतर तिला पाणी सुटते. जवसाची चटणी आठवडाभर आधी केली तरी चालते: जवस तडतडेपर्यंत भाजून, लसूण, सुक्या मिरच्या, जिरे आणि मीठ घालून जाडसर कुटावे.

सांबारवडीचा विचार प्रत्येक यजमानाच्या मनात येतो आणि हिवाळ्यात गोकुळपेठेच्या बाजारात सांबाराच्या हिरव्यागार जुड्यांचे ढीग दिसले की तो बळावतो. वडी थोर आहे, पण एकट्याने आठ माणसांसाठी ती करू नये. चारच माणसे असतील तर एक खबरदारी घ्यावी: सांबार आदल्या रात्री धुऊन, कापडावर पसरून, पानावर पाण्याचा टिपूस न राहील इतका वाळवावा, कारण ओल्या सांबाराने सारणाला पाणी सुटते आणि तळल्यावर वरचे आवरण अर्ध्या तासात लुळे पडते. वड्या संध्याकाळी फिक्या रंगावर तळून ठेवाव्यात आणि वाढण्यापूर्वी पुन्हा तापल्या तेलातून काढाव्यात. सोबत कढी हवीच.

पाटवडी नको असेल तर गोळाभात हा दुसरा मुख्य बेत. सहा माणसांसाठी दीड वाटी जाडसर हरभरा-डाळीच्या पिठात अर्धी वाटी तेलाचे कडकडीत मोहन, तिखट, हळद, हिंग, जिरे, मीठ आणि सांबार घालून, थोडे दही लावून घट्ट मळावे आणि लिंबाएवढे गोळे करावेत. दोन वाट्या तांदूळ पसरट पातेल्यात निम्म्याहून अधिक शिजून वरचे पाणी आटत आले की त्यावर गोळे रचून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर पंधरा मिनिटे वाफवावे. वाढताना गोळा भातावर कुस्करून मोहरी, हिंग आणि सुक्या लाल मिरच्यांची चरचरीत फोडणी ओतावी. सोबत चिंचेचे सार द्यावे. हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगा आल्या असतील, तर त्यांच्या सोल्यांचा भात याहून सोपा आणि तितकाच खास होतो.

गोडासाठी संत्र्याची बासुंदी आदल्या दिवशी करावी. दोन लिटर म्हशीचे दूध पसरट कढईत आटवून निम्म्यावर आणावे, कडेची साय सतत दुधात मिसळत राहावे, शेवटी पाऊण वाटी साखर आणि वेलची घालून पाच मिनिटे उकळावे व पूर्ण गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवावे. चार-पाच संत्र्यांच्या फोडींवरचा पापुद्रा, दोरे आणि बिया काढून गरही वेगळा थंड करावा आणि वाढण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटेच बासुंदीत घालावा. कोमट दुधात संत्रे पडले की दूध फाटलेच म्हणून समजावे. आंबट संत्र्याच्या गरावर थोडी पिठीसाखर भुरभुरून सुटलेला रस निथळून टाकावा. आंबिया बहाराचे फळ दिवाळीच्या आगेमागे आणि मृग बहाराचे फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात असते. उन्हाळ्यात संत्र्याचा हट्ट सोडून आमरस आणि कुरडया कराव्यात.

पाहुणे साडेआठला जेवायला बसणार असतील, तर रस्सा पाचपर्यंत आणि पोळ्या सातपर्यंत आटपाव्यात. भात आठला चढवावा आणि ताटे मांडताना रश्शाला पुन्हा उकळी आणावी. वड्या उरल्या तर दुसऱ्या दिवशी त्या तव्यावर थोड्या तेलात कुरकुरीत परताव्यात, आणि रश्शात रात्री भिजवून उकडलेले काळे हरभरे घालून तो सकाळच्या पोह्यांवर घ्यावा.