आखडलेला सांधा मोजताना या चुका टाळा

अर्धांगवायूनंतर, खुबा मोडल्यावर किंवा आजारपणात महिनोन्‌महिने पलंगावर काढल्यावर म्हाताऱ्या माणसांचे सांधे आखडतात. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) लावतो, वहीत अंश लिहितो. मी हेच काम करते आणि बरीच वर्षं मीही अंशांवरच थांबत होते. सगळ्यात मोठी चूक तीच.

एका आजींचा उजवा गुडघा पूर्ण सरळ व्हायला २५ अंश कमी पडायचा. दोन महिन्यांच्या व्यायामानंतर २० कमी पडू लागला. घरचे खूश झाले. पण गोनिओमीटरच्या मोजणीत ५ अंशांचा फरक सहज पडतो, त्यामुळे त्या सुधारणेवर विसंबण्यात अर्थ नव्हता. आजींनी मात्र रोजची पूजा सोडली होती. देव जमिनीलगत होते, खाली बसलं की उठवत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. मग देव टेबलावर मांडले, समोर हातांची खुर्ची ठेवली. गुडघा होता तसाच राहिला आणि पूजा पुन्हा सुरू झाली. माझ्या वहीत या बदलासाठी रकानाच नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये मान्य केलेल्या आयसीएफ या वर्गीकरणात शरीरातला बिघाड, माणसाला करता येणारी कामं आणि चारचौघांतला त्याचा वावर हे वेगवेगळे मांडले आहेत. घर आणि आजूबाजूची माणसंही त्यात धरली आहेत. सांधा आखडला की या सगळ्यावर परिणाम होतो, म्हणून सगळंच लिहून ठेवावं लागतं.

त्यासाठी बऱ्याच ठिकाणी बार्थेल निर्देशांक हा तक्ता भरतात: रोजची १० कामं, एकूण १०० गुण. तो उपयोगी आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. त्यातले काही गुण लघवी-शौचावरच्या ताब्याचे असतात, त्यांचा सांध्याशी थेट संबंध नाही. शिवाय मांडी घालणं, उकिडवं बसणं, जमिनीवरून उठणं यांना त्यात जागा नाही. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसाचा निम्मा दिवस या हालचालींवर चालतो. त्या वहीत वेगळ्या लिहा. मोरीचा उंबरा ओलांडता येतो का? वेणी घालता येते का? दोरीवरचा टॉवेल हाताला लागतो का? देवळात, शेजारी, भिशीला जाणं कधी थांबलं?

हे विचारायचं कुणाला, यातही चूक होते. मुलगा सांगतो, "बाबा सगळं स्वतः करतात." बाबांना विचारलं तर कळतं की दोन महिने झाले, ते जिना उतरलेले नाहीत. 'करू शकतो' आणि 'करतो' हे दोन वेगळे रकाने ठेवा, आणि आधी त्यांनाच विचारा.

ज्यांना बोलता येत नाही त्यांच्याबाबतीत सांभाळणाऱ्याचे कष्ट मोजा. मांड्या फाकत नसतील तर डायपर बदलायला एक माणूस पुरतो की दोन लागतात? मूठ उघडून तळवा धुता येतो का, की नखं आत रुतलीत? सदरा चढवायला किती वेळ जातो, आणि तेव्हा चेहऱ्यावर वेदना दिसते का? माझ्या मते पलंगाला खिळलेल्या माणसासाठी ही नोंद अंशांपेक्षा मोलाची आहे.

अंश मात्र नीट मोजा. खुबा मोजताना कंबरेची कमान आखडलेपण लपवते, म्हणून दुसरा गुडघा छातीशी धरायला लावा. घोटा दोनदा मोजा: एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून. बोटं मोजताना मनगट दर वेळी त्याच स्थितीत हवं. झटका देऊ नका, सावकाश ताणा, नाहीतर स्नायूचा ताठरपणाच आखडलेपण म्हणून लिहिला जाईल. एकदा शेकापूर्वी आणि पुढच्या वेळी शेकानंतर मोजलेल्या आकड्यांची तुलना होत नाही.

अंश हलले नाहीत म्हणून सगळं सोडून देणारी घरंही मी पाहते. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार सात महिन्यांपेक्षा कमी काळ दिलेल्या ताणाने सांध्याच्या हालचालीत उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक पडत नाही. म्हणून हातपाय हलवणं थांबवायचं नाही. मात्र खुर्चीची उंची, कमोड, भिंतीला दांडी, पुढून उघडणारा सदरा यांकडे आधी वळायचं आणि त्यांचा उपयोग झाला का, हे लिहून ठेवायचं.

दोन मोजण्यांत आकडा एकदम बिघडला तर आधी तीच मोजणी त्याच स्थितीत पुन्हा करा. मग दिवसभर गुडघ्याखाली उशी तर नसते ना, ते बघा. बरं वाटावं म्हणून ती ठेवतात आणि गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडत जातो. सांधा गरम, सुजलेला किंवा नव्याने दुखरा वाटला, तर ताण देणं थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.