मानसिक आजाराचं दिव्यांग प्रमाणपत्र : फाइल कशी तयार करावी

घरातल्या माणसाच्या मानसिक आजारासाठी दिव्यांग प्रमाणपत्र काढायला गेलेली बरीच कुटुंबं एकाच जागी अडतात. आजार आहे हे दाखवणारे कागद पिशवीभर असतात, पण त्या आजारामुळे रोजचं काय जमत नाही हे सांगणारा एकही कागद नसतो. दिव्यांगत्वाचे टक्के ठरतात ते या न जमणाऱ्या गोष्टींवर. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर हे निदान केस पेपरवर हवंच, मात्र निदानाच्या नावाला टक्के नाहीत.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ खाली मानसिक आजार मोजायला ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी वापरतात. ती चार गोष्टी पाहते: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकीला ० ते ४ गुण. अडचण जास्त तितके गुण जास्त. त्यात आजाराच्या कालावधीचे १ ते ४ गुण मिळवतात. एकूण २० पैकी ७ झाले की ४० टक्के, आणि बहुतेक योजना तिथूनच सुरू होतात. ६ आणि ७ मध्ये एकाच गुणाचं अंतर असल्यामुळे चारही खान्यांसाठी नोंद हवी. कामाचा खाना नोकरी, घरकाम किंवा शिक्षण यांपैकी एकावरच भरतात. गृहिणीचं काम म्हणजे घरकाम, त्यामुळे ‘ती कुठे नोकरी करते’ म्हणून तो खाना सोडून देऊ नका.

केस पेपरवर काय लिहिलं जातं

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. महिन्याच्या ओपीडीत डॉक्टर विचारतात, “कसं आहे?” सकाळपासून रांगेत थकलेली आई म्हणते, “ठीक आहे, गोळ्या घेतो.” डॉक्टर लिहितात: तक्रार नाही, तीच औषधं चालू. दोन वर्षांत असे चोवीस शेरे साचले की फाइल म्हणते, माणूस बरा आहे. आईच्या लेखी ‘ठीक’ म्हणजे या महिन्यात घरात आरडाओरडा झाला नाही, इतकंच. आंघोळीसाठी रोज अर्धा तास मागे लागावं लागतं हे तिला आता सांगण्यासारखंही वाटत नाही.

म्हणून अर्जाआधीच्या तीन-चार फॉलोअपला दोन-तीन ठोस वाक्यं तयार ठेवून जा आणि सरळ विचारा, “डॉक्टर, हे पेपरवर लिहाल का?” डॉक्टर सहसा नाही म्हणत नाहीत, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. वाढवून मात्र सांगू नका. तुमचं बोलणं, जुने शेरे आणि समोर बसलेला माणूस यांचा मेळ बसला नाही, तर खऱ्या गोष्टींवरही विश्वास राहत नाही.

घरी साध्या वहीत तीन आठवडे नोंद ठेवा. ‘आळशी झालाय’, ‘लक्ष नसतं’ अशा वाक्यांवरून गुण देता येत नाहीत. तारीख, किती वेळा, कुणाला काय करावं लागलं, हे लिहा:

‘सोमवार. दात घासायला चार वेळा सांगितलं. आंघोळ नाही, पाचवा दिवस.’
‘बुधवार. दूध आणायला पाठवलं. रस्ता ओळखीचा, तरी दीड तासाने रिकाम्या हाताने परत. दुकानदार आपल्याबद्दल बोलतोय म्हणाला.’
‘शुक्रवार. चहा ठेवला आणि खोलीत जाऊन झोपला. गॅस चालूच. शेजारच्या वहिनींनी बंद केला.’

चांगले दिवसही लिहा. शेवटी चार खान्यांप्रमाणे एका पानात सार काढा. डॉक्टर वही वाचत बसणार नाहीत, ते पान वाचतील.

जुने कागद

आजार कधीपासून आहे हे दाखवणारा सर्वांत जुना कागद शोधा: पहिला केस पेपर, पहिलं डिस्चार्ज कार्ड, नोकरी किंवा कॉलेज सुटल्याचं पत्र. केईएम, नायर, सायन, जेजे किंवा ठाण्याच्या मनोरुग्णालयात पूर्वी दाखल केलं असेल, तर दाखल केल्याची तारीख आणि रुग्ण क्रमांक घेऊन मेडिकल रेकॉर्ड विभागात अर्ज द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आपल्या उपचारांच्या मूलभूत नोंदी मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. अर्जावर सही रुग्णाची घ्या, आणि कशासाठी घेतोय हे त्याला आधी समजावून सांगा. त्याच्या पाठीमागे जमवलेली फाइल त्याला पुढे कळली, तर संशय वाढतो आणि औषधंही सुटतात.

खाजगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पुष्कळदा निदानच नसतं. त्यांच्याकडून लेटरहेडवर पत्र घ्या: कधीपासून उपचार, निदान, औषधं व मात्रा, किती वेळा दाखल, चारही खान्यांत आजची स्थिती, खाली तारीख, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक.

रक्ताचे रिपोर्ट फेकू नका. लिथियम या औषधाची रक्तातली पातळी किंवा क्लोझापिन या औषधासाठी केलेली पांढऱ्या पेशींची तपासणी हे नियमित उपचारांचे तारखेसह पुरावे आहेत. औषधांची बिलं पुसट होतात, पावसाळ्यात तर लवकरच. आजच झेरॉक्स काढा. मध्ये उपचार सुटले असतील तर लपवू नका. ‘गोळ्यांत विष आहे म्हणून आठ महिने घेतल्या नाहीत’ हे लिहा. औषध नाकारणं हा आजाराचाच भाग असू शकतो.

आधार आणि केस पेपरवरचं नाव तपासा. लग्नाआधीचं नाव असेल तर लग्नाचा दाखला जोडा.

अर्ज आणि तपासणीचा दिवस

अर्ज ‘स्वावलंबन कार्ड’ या सरकारी पोर्टलवर करतात. पत्त्याप्रमाणे जिल्हा निवडा. मुंबईत असाल तर सायनपर्यंत मुंबई शहर, कुर्ला आणि वांद्र्यापासून पुढे मुंबई उपनगर. रुग्णालयात मूळ कागद आणि झेरॉक्सचा संच, दोन्ही तारखेप्रमाणे लावून न्या.

सोबत रोज त्याच घरात राहणारं माणूस जाऊ दे. इंग्रजी येणारा भाचा बरा बोलेल, पण आंघोळीचं त्याला काय माहीत? आदल्या रात्री न्हाऊ-माखू घालून, नवा शर्ट चढवून नेऊ नका, रोजच्यासारखं न्या. आणि आजार दिसावा म्हणून एकही गोळी बंद करू नका, त्यातून आजार उलटू शकतो. रुग्णासमोर त्याच्या तक्रारी मोठ्याने वाचू नका, सार लिहिलेलं पान डॉक्टरांच्या हातात द्या. डबा-पाणी सोबत ठेवा, वेळ जातो.

प्रमाणपत्र हातात आल्यावर

प्रमाणपत्रासोबतचं दिव्यांग ओळखपत्र ४० ते ७९ टक्क्यांना पिवळं, ८० पासून पुढे निळं. टक्के पटले नाहीत तर कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. तेव्हा नव्या तारखांचे कागद जोडा. संजय गांधी निराधार योजनेसाठी प्रमाणपत्राखेरीज उत्पन्नाचा दाखला आणि महाराष्ट्रातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, तेही आतापासून काढून ठेवा. ‘निरामय’ विम्यासाठी मात्र फेऱ्या मारू नका. तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगतेसाठी आहे, केवळ मानसिक आजाराला मिळत नाही.

आई-वडील सरकारी नोकरीत असतील तर मुलाच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी ‘स्वतः कमावण्यास असमर्थ’ असा वैद्यकीय शेरा लागतो. नुसते टक्के तिथे पुरत नाहीत, आणि आई-वडील हयात असतानाच मुलाची नोंद कार्यालयात करून ठेवणं सोपं जातं.

प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावर मुदतीची तारीख असते. ती कॅलेंडरवर सहा महिने आधीच्या पानावर लिहा आणि वही पुन्हा सुरू करा.