गुळवेलीच्या अर्काची डीपीपीएच चाचणी: या चुका टाळा

अर्कात अँटिऑक्सिडंट किती हे बघायला डीपीपीएचच्या जांभळ्या द्रावणात अर्क घालायचा, ३० मिनिटं अंधारात ठेवायचं आणि ५१७ नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला जातो त्याचं रीडिंग घ्यायचं. डीपीपीएच हा स्थिर फ्री रॅडिकल (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला रेणू) आहे. अर्काने त्याला शमवलं की जांभळा रंग जाऊन पिवळसर होतो. चाचणी सोपी आहे, म्हणूनच आलेला आकडा कुणी तपासत नाही.

अर्क नसलेल्या ट्यूबच्या (कंट्रोलच्या) तुलनेत रीडिंग किती टक्के उतरलं ते काढतात. हे टक्के उणे आले, तर "अर्कात अँटिऑक्सिडंट नाहीत" असं लगेच लिहू नका. आधी टेस्ट ट्यूब उजेडासमोर धरा. गुळवेलीच्या खोडात स्टार्च असतं. गुळवेल सत्त्व म्हणजे मुख्यतः तेच. पाण्यातला काढा मिथेनॉलमध्ये पडला की स्टार्च आणि इतर पॉलिसॅकराइड साकळतात, द्रावण गढूळ होतं, प्रकाश विखुरतो आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर तेही शोषण म्हणून मोजतो. मिथेनॉलमध्येच अर्क काढा, नाहीतर काढ्यात मिथेनॉल घालून साका सेंट्रिफ्यूजने वेगळा करा आणि तसं केल्याचं नोंदवा. द्रावण स्वच्छ आहे पण अर्कच गडद आहे, तर प्रत्येक तीव्रतेचा वेगळा ब्लँक लावा: तेवढाच अर्क, डीपीपीएचऐवजी मिथेनॉल. ते रीडिंग वजा करायचं.

याउलट, अगदी पातळ अर्कालाही २५ टक्क्यांच्या आसपास परिणाम दिसत असेल तर कंट्रोल बघा. १ मिली अर्क आणि ३ मिली डीपीपीएच घेतलं, पण कंट्रोलमध्ये नुसतंच डीपीपीएच ठेवलं, तर रंग पातळ झाल्यानेच एक चतुर्थांश रीडिंग उतरतं. त्यात अर्काचं कर्तृत्व काहीच नाही! कंट्रोलमध्ये अर्काऐवजी १ मिली मिथेनॉल हवंच.

याच प्रमाणातून दुसरी चूक होते. १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीचा अर्क ट्यूबमध्ये गेल्यावर २५ होतो. आयसी५० (५० टक्के डीपीपीएच शमवायला लागणारी अर्काची तीव्रता) काढताना कुणी मूळ आकडा धरतो, कुणी अंतिम, आणि मग दोन वनस्पतींची तुलना चौपट चुकते. मी अंतिम तीव्रताच धरावी असं म्हणेन. ५० टक्क्यांच्या दोन्ही बाजूंना बिंदू हवेत. वक्र सपाट झालेल्या भागातून सरळ रेषा ओढू नका. आणि आयसी५० जितका कमी, तितका अर्क प्रभावी. हे उलटं लिहिलेले रिपोर्ट खरंच असतात.

डीपीपीएच ताजं बनवा, फॉइलमध्ये गुंडाळा. ०.१ मिलीमोलरसाठी १०० मिलीत सुमारे ३.९ मिलिग्रॅम लागतं.

वेळेकडे मात्र नीट लक्ष द्या. क जीवनसत्त्व झटकन प्रतिक्रिया देतं, बरेच पॉलिफिनॉल सावकाश. ३० मिनिटांनंतरही रीडिंग उतरत असेल तर स्थिर होईपर्यंत थांबा.

नमुनाही खात्रीचा हवा. टिनोस्पोरा क्रिस्पा ही गुळवेलीची जवळची नातेवाईक आहे, पण तिच्या खोडावर फोडांसारखे उंचवटे असतात. तुमची वेल टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच आहे, हे वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांकडून तपासून घ्या आणि वाळवलेला नमुना जपून ठेवा.

निष्कर्षात "गुळवेल शरीरातील फ्री रॅडिकल नष्ट करते" असं लिहू नका. डीपीपीएच शरीरात नसतंच, आणि अर्कातलं काय पचून रक्तात जातं हे ही चाचणी सांगत नाही. अर्काचं द्रावक, डीपीपीएचची तीव्रता, वेळ आणि त्याच दिवशी त्याच द्रावणावर घेतलेला ॲस्कॉर्बिक ॲसिडचा आयसी५० द्या. डीपीपीएचची तीव्रता बदलली की आयसी५० बदलतो, त्यामुळे दुसऱ्या प्रयोगशाळेचा आकडा शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.