भाकरीसाठी ओटा खाली घेतला

खानापूरच्या घराचं स्वयंपाकघर नव्यानं करताना गवंडी ३४ इंचांच्या ओट्यावर अडून बसला होता. जुना ओटाही तेवढाच. त्यावर भाकरी थापताना आईचे खांदे वर ओढले जायचे. भाकरीला तळहाताचा दाब वरूनच पडायला हवा. म्हणून आईला उभं केलं, कोपर काटकोनात वाकवून जमिनीपासून माप घेतलं. ३६ इंच. त्यातून सहा वजा करून खिडकीकडचा भाग ३० इंचांवर घेतला, शेगडीही तिथेच. वहिनी उंच, तिच्यासाठी बाकीचा ओटा ३४ च.

खाली प्लायवूड नकोच म्हटलं. आमच्या पावसात ते फुगतं. कडाप्प्याचे कप्पे केले आणि सिंकखाली दारच लावलं नाही, हवा खेळती राहते.